विमानाखाली गेलेलं वाक्य

द्वारका, दिल्ली. कंपनी असं म्हणते की पार्ट येणार आहे. कधी येणार, याबद्दल कंपनी काही म्हणत नाही.

हे वाक्य माझं नाही, अण्णांचं आहे. माझे वडील असेच बोलतात. सगळी नोकरी त्यांनी सरकारच्या एका खात्यात परदेशी रेडिओ ऐकण्यात घालवली. एका पाळीत मॉस्को, दुसऱ्या पाळीत वॉशिंग्टन. कानाला हेडफोन, पुढ्यात टाइपरायटर. ऐकायचं, टाइप करायचं, वर पाठवायचं. मधे स्वतःचं डोकं घालायचं नाही. मॉस्को असं म्हणतं की. वॉशिंग्टन असा दावा करतं की. दोघं एकमेकांना खोटं पाडायचे आणि अण्णा दोघांनाही सारखाच मार्जिन सोडून टाइप करायचे.

ती सवय घरी आली आणि राहिली. लहानपणी मी रडायला लागले की ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगायचे, "कुसुम, उत्तरा असं म्हणते की तिचं पोट दुखतंय."

"आणि तुमचं काय म्हणणं आहे?" आई विचारायची.

"माझं काही म्हणणं नाही. मी कळवलं."

खात्याचा आणखी एक नियम होता. जे ऐकू आलं नाही तिथे टिंबं द्यायची. अंदाजानं भरायचं नाही. एका नवीन माणसानं एकदा ‘सैन्य मागे’च्या पुढचं क्रियापद मनानंच घातलं, तर अर्धा दिवस वरच्या मजल्यावर सगळे खुशीत होते. अण्णा ही गोष्ट अजून सांगतात आणि अजून त्यांना हसू येत नाही.

घर. आमचा फ्लॅट विमानतळाच्या वाटेवर आहे. विमानं इतकी खालून जातात की

— विमान —

तर असं. इथे सगळे बोलता बोलता थांबतात, विमान गेलं की उरलेलं वाक्य बोलतात. पाहुण्यांना वाटतं आम्ही भांडतोय. फक्त आई थांबत नाही. विमान आलं की आई बोलायला सुरुवात करते.

याचं कारण जुनं आहे. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा अण्णा घरीसुद्धा संध्याकाळी रिसीव्हर लावून बसायचे. कुठलं स्टेशन कुठे सरकलं ते बघायला. त्या वेळी घरात बोलायची बंदी. पण रशियन लोक अमेरिकेचं प्रसारण बंद पाडायला त्यावर मुद्दाम घरघराट सोडायचे. तो शेजारच्या स्टेशनांवर सांडायचा, आणि मग अण्णांनाही काही ऐकू यायचं नाही. त्याला जॅमिंग म्हणतात. जॅमिंग सुरू झालं की अण्णा दोन बोटांनी एका कानाचा हेडफोन उचलायचे आणि आईकडे झुकायचे. तेवढ्यात आईनं बोलून घ्यायचं. गॅस संपला. सासूबाई येतायत. बाईंनी शाळेत बोलावलंय.

"तू होणार हे मी ह्यांना जॅमिंगमध्ये सांगितलं," आई सांगते. "हे म्हणाले, अच्छा. आणि परत हेडफोन लावला."

"मॉस्कोचं बुलेटिन चालू होतं," अण्णा म्हणतात.

म्हणजे म्हणायचे. ऐकू यायचं तेव्हा.

कान. कान हेडफोननं गेले असं डॉक्टर म्हणतात. वयानं गेले असं खातं म्हणतं. अण्णा दोन्ही कळवतात.

सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन करून त्यांच्या डोक्यात, कातडीखाली, एक तुकडा बसवला. बाहेर कानामागे यंत्र, यंत्राला छोटी वायर, वायरच्या टोकाला रुपयाएवढी चकती. चकतीत मॅग्नेट. त्या मॅग्नेटनं ती केसांतून डोक्याला चिकटते आणि आतल्या तुकड्याला आवाज पोचवते. चकती निघाली की सगळं बंद. आम्ही तिला कॉइल म्हणतो. यंत्र अमेरिकन कंपनीचं. मॅग्नेट कुठला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "अहो, ऐकू येतंय का?" अण्णांना वाटलं, पत्र्याच्या डब्यात कोणी चमचा फिरवतंय. मग आई रोज सकाळी चहाबरोबर त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. अग्रलेख, हवामान, निविदा सूचना, काहीही. किती महिने गेले सांगता येत नाही, पण एकदा निविदा सूचनेच्या मध्यावर अण्णांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज कुसुम आली."

त्यानंतर विमान आलं की अण्णा कॉइल दोन बोटांनी उचलून धरायचे, कारण विमानाचा आवाज त्यांना आत टोचतो. आणि आई नेमकी तेव्हाच बोलायची.

"आई, आत्ता त्यांना काहीच ऐकू येत नाहीये."

"माहितीये गं. तोंड आपोआप सुरू होतं."

घसा. आईच्या घशाला मागच्या वर्षी कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक दिले, बरं वाटलं, या उन्हाळ्यात परत आला. डॉक्टर म्हणाले, आता स्वरयंत्र काढावंच लागेल. श्वास गळ्याला भोक पाडून. बोलणं पुढे कधीतरी, एखादी झडप बसवून, शिकली तर. पण तो आवाज दुसरा असेल. हा नाही. हा

— विमान —

तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

आई मला लिफ्टमध्ये म्हणाली, "एक बरं आहे. ह्यांना बहिरं राहायचा कंटाळा आला होता, आता मी मुकी. जोडी जमली." आणि मग खोकत राहिली.

त्या दिवसापासून अण्णा आईच्या मागे मागे फिरायला लागले. ती कुकर लावताना ओट्याशी उभे, ती फोनवर बोलताना दाराशी उभे. तिचा आवाज साठवत होते बहुतेक. आई वैतागायची. "अहो, सावलीसारखे काय येताय, जरा बाहेर जाऊन या."

म्हणून त्या रविवारी ते बाहेर गेले. कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात, कँटीनला. आईला तिथली अळूवडी आवडते, आणि घास मऊ असला तर अजून उतरत होता. निघताना आई दारातून म्हणाली, "छत्री घ्या."

परत येताना मेट्रोच्या ब्लू लाइनला गर्दी. एका हातात डबा, एका हातात छत्री. कोणीतरी जागा दिली, त्यांनी घेतली नाही. बसलं की झोप लागते म्हणून ते कधीच बसत नाहीत. खांब धरायला हात नव्हता, म्हणून त्यांनी खांबाला डोकं टेकलं. खांब लोखंडाचा. आमचं स्टेशन आलं, मागच्यांनी रेटलं, अण्णा डब्यासकट फलाटावर आले. कॉइल खांबाला चिकटून राहिली. वायर तुटली. दारं बंद झाली.

अण्णा म्हणतात, सगळं एकदम स्वच्छ शांत झालं. मॉस्को बंद व्हायचं तसं.

कॉइल सेक्टर एकवीसला, शेवटच्या स्टेशनाला गेली. तिथून परत नोएडाला गेली असेल. मेट्रोवाल्यांनी बिचाऱ्यांनी शोधली. मिळाली नाही.

गुरगाव. कंपनीचा सर्व्हिसचा मुलगा सिद्धांत. मराठी नाव बघून मी मराठीत सुरुवात केली, तो इंदूरचा निघाला.

"मैम, बैक-ऑर्डर में है."

"कितने दिन?"

"मैम, मॅग्नेट का इश्यू है. चाइना से परमिट नहीं आ रहा. हमारा माल अमेरिका में बनता है, मॅग्नेट चाइना का लगता है. उधर इन्होंने टॅक्स बढ़ाया, इधर उन्होंने मॅग्नेट रोक दिया. हम तो बीच में हैं."

"नया मशीन ले लें तो? पूरा?"

"उसमें भी वही मॅग्नेट है, मैम."

मी सांगितलं की माझ्या आईचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर. त्यानं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "मैम, मैंने लिख दिया है, अर्जेंट." त्यानं खरंच लिहिलं असणार. मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं, तरी.

ज्यांच्या डोक्यात असली यंत्रं आहेत त्यांचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं. दोन-चार दिवसांसाठी कोणी कॉइल देईल का. सगळ्यांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. प्रत्येकाकडे एकच, आणि ती पडली तर दुसरी नाही. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, माझा मुलगा दहावीला आहे हो.

अण्णांना मी हे सगळं लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चीन माझ्याकडे नव्हता," ते म्हणाले. बहिरा माणूस बोलतो तसं, जरा मोठ्यानं. "पेकिंग मेहरोत्राच्या टेबलावर होतं. मॉस्को असतं तर मी सांगितलं असतं किती दिवस चालेल."

मेहरोत्रा वारून बरीच वर्षं झाली.

सदन. दिल्लीतली मराठी माणसं अडली की ओळख शोधायला कँटीनला जातात. आम्ही पण गेलो. निखिल वाणिज्य मंत्रालयात आहे, मूळचा साताऱ्याचा, रविवारी थालीपीठ खायला येतो. अण्णांना तो गणपतीपासून ओळखतो. मी टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकून, फोन ठेवला. समोरचा बोलला की त्यावर अक्षरं उमटतात. अण्णा ती वाचतात.

"काका, माझ्या हातात असतं तर आजच," निखिल म्हणाला. "उत्तराताई, खरं सांगू? दोघांचं काय चाललंय ते आम्हाला पण टीव्हीवरूनच कळतं. आम्ही बसतो, नोट बनवतो, आणि संध्याकाळी एकजण मोबाइलवर काहीतरी टाकतो, की आमची नोट रद्दी."

"एक छोटा पार्ट आहे रे. रुपयाएवढा."

"ताई, तिकडे पाणबुड्या, मिसाइल, गाड्या, सगळ्यांना तोच मॅग्नेट लागतो. रांगेत काका कुठे उभे असतील सांगा."

अण्णांनी फोनवर वाकून वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "हे कोण असं म्हणतं?"

मी पाहिलं. निखिलच्या वाक्याखाली लिहिलं होतं: शीतयुद्ध एकोणीसशे एक्याण्णव साली संपले. शेजारच्या टेबलावर परीक्षेची तयारी करणारी दोन मुलं पाठांतर करत होती. फोननं त्यांचंही घेतलं होतं.

"ते विद्यार्थी आहेत, अण्णा."

"अच्छा," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. मलाही तसंच ऐकू आलं होतं."

निखिल हसला, मग हसू आवरलं. थालीपीठ तसंच राहिलं. जाताना त्यानं वाकून अण्णांना नमस्कार केला. दिल्लीत काम होणार नसलं की नमस्कार जरा खालून करतात.

परतीच्या मेट्रोत अण्णा खांबाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, फोनवर आईचं बोलणं वाचता येतंच आहे ना तुम्हाला. फोननं हेही अक्षरांत दाखवलं.

"अक्षरं येतात," ते म्हणाले. "ती येत नाही."

त्यांनी खांबाला हात लावला, काढला. मग एकदम, "तिचं शेवटचं मी काय ऐकलं माहितीये? छत्री घ्या."

हॉस्पिटल. अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, थोडे दिवस पुढे ढकलता येईल का. डॉक्टरांनी मान हलवली. हे समजायला कान लागले नाहीत.

अण्णा रोज टीव्हीखालच्या पट्ट्या वाचत होते. वॉशिंग्टन असं म्हणतं की बोलणी चांगली चालू आहेत. पेकिंग असं म्हणतं की बोलणी चालूच नाहीत. ते कागदावर उतरवून घ्यायचे. आई ते कागद उचलून त्यावर भाजी निवडायची.

मीच म्हटलं, आपण आईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू. कॉइल कधीतरी येईल, तेव्हा ऐकतील. आईला आधी पटलं नाही. "समोर माणूस नाही तर बोलू कुणाशी? फोनशी?" मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाल्यावर तिनं माझा फोन घेतला, कसं चालू करायचं ते विचारलं, आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. अण्णा बाहेर खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसले. काही ऐकू येत नव्हतं तरी बसले. मला भाजी चिरू दिली नाही. रेकॉर्डिंग चालू असताना आवाज करायचा नसतो.

आई बाहेर आली, फोन माझ्या हातात दिला. "ऐकू नकोस हं. ह्यांचं आहे."

मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. चाकाच्या पलंगावरून ती अण्णांकडे बघून काहीतरी म्हणाली. फोन काढायला मला उशीर झाला, अक्षरं उमटली नाहीत. "अण्णा, आई म्हणाली जेवून घ्या," मी लिहून दाखवलं. ते खरंच तेवढंच होतं.

वॉशिंग्टन, पेकिंग. पुढे थंडीत दोघांची कुठेतरी बैठक झाली. वॉशिंग्टन असं म्हणतं की आपला विजय झाला. पेकिंग असं म्हणतं की आपला विजय झाला. काही दिवसांनी कुरिअरवाल्यानं बेल वाजवली आणि काड्यापेटीएवढ्या खोक्यात कॉइल आली. कुणाच्या विजयामुळे आली ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

आई सोफ्यावर होती. गळ्यावर जाळीचा रुमाल, मांडीवर छोटा व्हाइटबोर्ड. अण्णांनी कॉइल डोक्याला लावली. आईनं सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि बोर्डवर बोटांनी टकटक केली.

"आलं ऐकू," अण्णा म्हणाले. "टकटक."

मग त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, लाव.

आईचा आवाज खोलीत आला. घोगरा, घाईचा. आई स्वतःच दचकली. अण्णा लिहायला लागले. मी खांद्यावरून पाहत होते.

कुसुमावती असं म्हणते की मेतकूट वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या बरणीत आहे. कुसुमावती असं म्हणते की गिझर चालू ठेवून पेपर वाचत बसू नये. कुसुमावती असं म्हणते की उत्तरा फटकळ आहे, पण मनाची बरी आहे. कुसुमावती असं विचारते की अहो, ऐकताय ना.

"ऐकतोय," अण्णा म्हणाले. सोफ्याकडे नाही, फोनकडे बघून.

फोनमध्ये आई थांबली. लांबून काहीतरी येत होतं. मग ती म्हणाली, "थांबा हं. येतंय. येऊ दे."

आणि विमान आलं. सगळं विमानच. त्याच्या तळाशी, अगदी खाली, एक आवाज चालला होता. आई बोलत होती. घाई न करता, मधे एकदा थांबून, परत. विमान संपता संपता तीही संपली, आणि स्वच्छ ऐकू आलं, "बस. एवढंच होतं. हे बंद कसं करायचं गं?"

अण्णांनी हात वर केला. मागे घे. मी मागे घेतलं. परत विमान. परत मागे. त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली, कॉइलवर तळहात ठेवला. मॉस्कोच्या घरघराटातून या माणसानं शब्द काढले होते. पण तेव्हा कान स्वतःचे होते. मी म्हटलं, आवाज साफ करणारं ॲप असतं, थांबा. त्यानं विमान काढून टाकलं आणि खाली एक गुळगुळीत, गोड बाई ठेवली, जी शब्दांसारखं काहीतरी म्हणत होती.

"ही कोण?" अण्णा म्हणाले. "हे भरलेलं आहे. काढ."

मग त्यांनी कागदावर लिहिलं, कुसुमावती असं म्हणते की. आणि पुढे टिंबं दिली. ओळ संपेपर्यंत दिली.

"कुसुम, इथे तू काय म्हणालीस?"

आईनं पेनाचं टोपण काढलं. बोर्डवर पेन टेकवलं, उचललं. एक अक्षर काढलं, हातानं पुसलं. मग लिहिलं: आठवत नाही.

खरं होतं की नाही, मला माहीत नाही. लिहून सांगण्यासारखं नसेलही.

अण्णांनी वाचलं. माझ्याकडे वळून कळवलं, "कुसुमावती असं म्हणते की तिला आठवत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तुमचं काय म्हणणं आहे, अण्णा?"

त्यांनी कागद घडी करायला घेतला, केला नाही. "माझं म्हणणं," ते म्हणाले, "माझं म्हणणं असं आहे की

— विमान —

काचा थरथरल्या. अण्णांनी दोन बोटांनी कॉइल उचलली, पूर्वी हेडफोन उचलायचे तशी, आणि आईकडे झुकले. आईनं बोर्ड बाजूला ठेवला. तिचे ओठ हलायला लागले. हातही हलत होता, मधे एकदा ती थांबली, परत सुरू झाली. अण्णा मान डोलवत होते.

मी दोघांच्या मधे उभी होते. माझे दोन्ही कान चांगले आहेत. मला विमान ऐकू आलं.